खाड्यातला माणूस

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राला दोन दारे होती. पुढचे दार रस्त्याकडे उघडे. तिथे मुकादमाचे टेबल आणि टेबलावर हजेरीपट. मागचे दार बागेत उघडे. पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांभोवती हिरवळ राखावी असा नियम असल्यामुळे बाग होती. माळी मात्र नव्हता, कारण माळ्याची जागा कधी भरलीच गेली नव्हती. दाराच्या आडोशाला रबरी पाइपाचे वेटोळे पडलेले असे. साहेबांची जीप फाटकात वळली की जो माणूस कामावर आहे पण हजेरीपटावर नाही, तो मागच्या दाराने बाहेर पडे, पाइप उचली आणि झाडांना पाणी घालू लागे.

“हा कोण?” साहेब विचारीत.

“शेजारचाच आहे, साहेब. बागेची हौस आहे बिचाऱ्याला,” मुकादम सांगे.

साहेब मान डोलावीत. त्यांनाही ठाऊक होते. बाग मात्र फार छान वाढली होती.

त्या माणसाला सगळे ‘खाड्यातला माणूस’ म्हणत. नगरपालिका तात्पुरत्या कामगाराला वर्षभरासाठी घेत नसे. वर्ष भरत आले की काही दिवस त्याला घरी बसवी आणि मग पुन्हा नवा म्हणून घेई. मधल्या त्या रिकाम्या दिवसांना कार्यालयात सेवाखंड म्हणत आणि केंद्रावर खाडा. खाडा पडला की मागची नोकरी पाटी पुसावी तशी पुसली जाई आणि कायम होण्याचा हक्क पुन्हा शून्यापासून मोजला जाई. उलट जे कायम होते, त्यांची रजा साठून साठून कुजत असे. अर्ज केला की ‘बदली कामगार उपलब्ध नाही’ असा शेरा येई. एकाला रजा होती पण सुट्टी नव्हती, दुसऱ्याला सुट्टी होती पण पोट होते. या दोन गरजा नट-बोल्टासारख्या एकमेकींत बसल्या आणि त्यातून केंद्राची रीत तयार झाली. खाड्यातला माणूस कायम माणसाच्या जागी उभा राही, कायम माणूस आधीच सही करून आपल्या कामाला निघून जाई आणि त्या दिवसांची मजुरी स्वतःच्या खिशातून देई.

“आपल्याकडे दोनच जातीची माणसं,” मुकादम म्हणत असे. “हजेरीवर आहेत ती कामावर नाहीत, आणि कामावर आहेत ती हजेरीवर नाहीत. दोन्ही मिळून एक धड माणूस होतो. त्याच्यावर शहर पाणी पितं.”

रीतीला तिचे नियमही होते. खाड्यातल्या माणसाने सही करायची नाही, कार्यालयाचा फोन उचलायचा नाही आणि काही झाले तरी भोंगा वाजवायचा नाही. भोंगा वाजला की आगीचा बंब येतो, साहेब येतात, पोलीस येतात. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, ड्यूटीवर कोण आहे?

दाजींनी हे नियम इतक्या वेळा पाळले होते की ते आता त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे कायम होऊन निवृत्तीच्या गप्पा मारू लागली होती. दाजी मात्र कागदोपत्री दर वर्षी नवे. त्यांचा मेहुणा, ज्याला घरी सगळे धाकू म्हणत, त्याला या केंद्रावर त्यांनीच आणले होते. पुढे ऑपरेटरच्या जागा निघाल्या तेव्हा दोघांनी मिळून अर्ज केले. वयाची अट दाजींना आडवी आली, धाकूला नाही. निवड यादीवर धाकूचे नाव लागले त्या दिवशी दाजींनीच त्याच्या पाठीवर थाप मारली होती. “चला, घरात एक तरी पक्का झाला. आता मी तुझा खाडेकरी.”

धाकूला नोकरीबरोबर दोन खोल्यांचे सरकारी घर मिळाले. त्या घरात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघेच राहत. आईचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्याचा पडदा सुटू लागला तेव्हा डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया करायला सांगितली. धाकूने रजेचा अर्ज केला. तो नेहमीच्या शेऱ्यासह परत आला. दाजींचा त्याच आठवड्यात खाडा पडला होता. म्हणाले, “देवाला तुझी काळजी आहे बघ. माझा खाडा नेमका मुहूर्तावर धाडला.”

सकाळी धाकूने हजेरीपटावर सही केली आणि आईला घेऊन तो रुग्णालयात गेला. जाताना त्याने आपले कपाट कुलूपबंद केले, रोज करीत असे तसे. त्या कपाटात गॅसचा मुखवटा होता. मुखवटे कायम कर्मचाऱ्यांना त्यांच्या नावावर मिळत आणि हरवले तर पगारातून कापले जात. तात्पुरत्यांसाठी मुखवटे नसत. किल्ली धाकूच्या खिशातच राहिली. हे त्याच्या लक्षात आले नाही, आणि दाजींनीही मागितली नाही.

आईला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेल्यावर थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला.

“धाकू, क्लोरिनच्या खोलीत वास येतोय,” दाजी म्हणाले. आवाज शांत होता. मध्येच खोकला आला. “तू किती लांब आहेस?”

“भोंगा वाजवा, दाजी. वाजवा आणि बाहेर पडा.”

“तू पोच आधी. भोंगा वाजला की सगळं गाव गोळा होईल, आणि तू नसशील.”

“नसलो तर नसलो. दाजी, ऐका माझं—”

“सिलिंडरची झडप सैल आहे, एवढंच. आवळतो. तू ये.”

धाकू पोहोचला तेव्हा भोंगा वाजलेला नव्हता. दाजी मागच्या दाराबाहेर, पाइपाच्या वेटोळ्याशेजारी पालथे पडले होते. वास जमिनीलगत सरपटत बागेत उतरला होता आणि दाराजवळची पाने जळल्यासारखी पांढुरकी पडली होती. दाजींच्या हातात मोठा पाना होता. त्या पान्याने त्यांनी झडप पुरती बंद केली होती. एका फटक्यात धाकूच्या कपाटाचे कुलूपही तुटले असते. कुलूप जसेच्या तसे होते. तुटलेल्या कुलपाचा कुणीतरी जाब विचारला असता. भोंग्याचा खटका धाकूनेच ओढला.

मुकादमाने त्याला दुसऱ्याच दिवशी गाठले. टाकीच्या कठड्याला टेकून, पाण्याकडे बघत तो बोलला.

“हे बघ, सही तुझी आहे, म्हणजे ड्यूटीवर तू होतास. तू मागच्या गाळणीकडे गेला होतास. तुझा दाजी तुझ्या आईची काही खबर द्यायला आला असेल, मी पाहिला नाही. आत शिरला, नको तिथं हात घातला. झडपेवर त्याच्याच हाताचे ठसे आहेत.”

“झडप त्यांनी बंद केली.”

“बंद केली म्हणजे आधी उघडली असणार, असं म्हणतील. म्हणू देत. तुझ्यावर हलगर्जीपणाचा ठपका येईल, एक वेतनवाढ थांबेल. एवढ्यावर निभावतंय.” मुकादमाने कठड्यावरचे शेवाळ नखाने खरवडले. “खरं बोललास तर बदली माणूस उभा करणं म्हणजे बडतर्फी. घर गेलं, निवृत्तिवेतन गेलं. आणि त्याच्या बायकोला काय मिळेल? खाड्यात होता तो. त्या दिवशी नगरपालिकेच्या लेखी तो कामगारच नव्हता. तू बुडून ती तरत असती, तर मीच म्हटलं असतं, बूड. पण इथं दोघंही बुडताय.”

धाकूने त्यात खोट शोधून पाहिली. ती सापडली नाही, आणि हेच त्याला सर्वांत जड गेले.

आईपासून सगळे लपवलेले होते. रडू द्यायचे नाही, डोळ्यावर ताण पडू द्यायचा नाही, नाहीतर सांधलेला पडदा पुन्हा सुटेल आणि मग काही उरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवले होते. ताई, दाजींची बायको आणि धाकूची थोरली बहीण, रोज दुपारी येई. दारात पदर सारखा करी, एकदा घसा खाकरी आणि मग आत येई.

“आलीस का गं?” आई उशीवरून विचारी. डोळ्यावर पट्टी होती. “जावई नाही आले?”

“कामावर आहेत, आई.”

“कधी बघावं तेव्हा कामावर. माणूस आहे की घाण्याचा बैल? सासू डोळे बांधून पडलीय, एकदा तरी येऊन बघावं.”

“येतील गं. सांगते मी त्यांना.”

“रागावू नकोस हो त्यांच्यावर. तसा गुणाचा आहे माणूस.” आई चाचपडत तिचा हात धरी. “डॉक्टर सारखे म्हणतात, रडू नका, रडू नका. मी कशाला रडतेय? सगळं तर चांगलं चाललंय.”

चौकशीच्या आदल्या दिवशी ताई आईजवळून उठली आणि स्वयंपाकघरात आली. तिने नळ मोठा सोडला, आवाज झाकण्यासाठी. पाणी भांड्यात पडत राहिले. धाकू ओट्याला टेकून उभा होता.

“मुकादम येऊन गेला माझ्याकडे,” ती म्हणाली. “म्हणाला, वहिनी, दोन दिव्यांपैकी एक विझला, दुसऱ्यावर फुंकर घालू नका.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? खोटं बोलत नाहीये तो. तू खरं सांगितलंस तर तू जाशील, हे घर जाईल, आईला घेऊन कुठे फिरशील? आणि मला काही मिळायचं नाही. हे मला समजतं, धाकू. मी काही अडाणी नाही.”

“मग मी काय करू?”

ताईने भांडे भरल्यावर ते ओतून दिले आणि पुन्हा नळाखाली धरले.

“लेकीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझे बाबा झडपांचं पितळ चोरायला गेले होते. तिने मला विचारलं, खरं का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, मग त्यांची नोकरी नव्हती तेव्हा तिथे कशाला गेले होते?” ती धाकूकडे पाहत नव्हती. “काय सांगू मी तिला? तू सांग. तू जे म्हणशील तेच मी सांगते.”

धाकूने भरलेले भांडे तिच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवले.

“तू काही कर असं मी म्हणत नाही,” ती सावकाश म्हणाली. “रोज इथं येऊन मी आईला सांगते, कामावर आहेत, कामावर आहेत. ते वाक्य एकदा तरी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हणावं, असं वाटतं. बाकी काही नाही.”

आतून आईने हाक मारली, “अगं, नळ चालू राहिलाय का? पाणी वाया जातंय.”

ताईने नळ बंद केला.

चौकशी मुख्य कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, आस्थापना विभागाच्या मागच्या खोलीत झाली. खोली अरुंद होती. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेले होते: कुठे पंच, कुठे बंद पडलेले टेबलावरचे घड्याळ, कुठे कुलूप. चौकशी अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या. बोलणे थोडे, पण तुसडे नव्हते. त्यांनी धाकूला बसायला सांगितले आणि आईची प्रकृती विचारली. मग केंद्राकडून आलेला अहवाल वाचून दाखवला. त्यात मुकादमाने सांगितलेलेच होते, फक्त भाषा भारदस्त होती.

“हे बरोबर आहे ना?” त्यांनी विचारले. “असेल तर खाली सही करा.”

“नाही, मॅडम.”

“काय बरोबर नाही?”

“मी तिथे नव्हतो. आईला रुग्णालयात घेऊन गेलो होतो. माझ्या जागी माझे दाजी काम करत होते.”

बाईंनी पेन खाली ठेवले. उठून दार लोटले आणि पुन्हा येऊन बसल्या.

“मी अजून काही लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आपण नुसतं बोलतोय. हे लिहिलं तर तुमचं काय होईल, कल्पना आहे?”

“मुकादमांनी सांगितलंय.”

“आणि तुमच्या बहिणीला यातून काय मिळेल?”

“काही नाही, असं म्हणाले.”

“दुर्दैवाने ते खरं आहे. मी नियम शोधून पाहिले. तुम्हाला वाटत असेल, या खुर्चीत बसणारी माणसं फक्त अडवायचे नियम शोधतात. मी दुसरे शोधत होते. सेवाखंडाच्या काळात तो माणूस आमचा नसतो. नुकसानभरपाई नाही, मुलीला पुढे नोकरी नाही. तुम्ही त्याला आमचा करू शकत नाही. फक्त स्वतः आमचे उरणार नाही.” त्यांनी अहवाल त्याच्याकडे सरकवला. “तुमच्या आईचा विचार करा. घर सोडावं लागेल तुम्हाला.”

धाकूने अहवालाकडे पाहिले, पण तो हातात घेतला नाही.

“मॅडम, यात लिहिलंय, भोंगा का वाजवला नाही याचा खुलासा होत नाही. तो खुलासा मी करू का?”

“करा.”

“भोंगा वाजला असता, तर मी नाही हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून त्यांनी वाजवला नाही. मी फोनवर वाजवा म्हटलं, तर म्हणाले, तू पोच आधी. कपाटाचं कुलूप फोडलं नाही, तेही त्याचसाठी. हातात पाना होता. त्यांना सगळं काम येत होतं, मॅडम. मला त्यांनीच शिकवलं. मला शिकवताना सांगायचे, वास आला की आधी भोंगा, मग बाकी सगळं. पण ते हजेरीवरच्या माणसासाठी. खाड्यातल्या माणसाने आवाज करायचा नसतो.”

बाईंनी अहवाल परत आपल्याकडे ओढला. पंख्याचा वारा गठ्ठ्यांच्या कडा उचलीत होता आणि सोडीत होता.

“हे असं चालतं ते मुकादमांना माहीत होतं?”

“केंद्रावर माळी नाही, मॅडम. बाग कुणी वाढवली ते त्यांना विचारा.”

“आणि तुम्हाला हे सगळं लिहून हवंय.”

“हो.”

“का? मला चौकशीसाठी नको आहे. मला स्वतःला समजून घ्यायचंय.”

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. “त्यांची मुलगी विचारते, बाबा तिथे कशाला गेले होते,” तो म्हणाला. “मी तिचा मामा आहे.”

बाईंनी पेन उचलले. त्यानंतर त्यांनी काही सुचवले नाही. तो सांगत गेला तसे त्या लिहीत गेल्या, आणि शेवटी सहीची जागा त्यांनी बोटाने दाखवली.

आदेश यायला फार दिवस लागले नाहीत. धाकू बडतर्फ झाला. त्याला आधी सांगितलेली वेतनवाढ रोखण्याची शिक्षा मुकादमाच्या वाट्याला आली. तो पुन्हा धाकूशी बोलला नाही. ताईने नुकसानभरपाईसाठी केलेला अर्ज नियमात बसत नसल्यामुळे निकाली निघाला. आदेशात दाजींचा उल्लेख एकाच ओळीत होता: ‘सदर इसम अनधिकृतरीत्या केंद्रावर काम करीत असताना मृत्यू पावला.’ ताईने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ‘अनधिकृतरीत्या’ या शब्दावर तिने अंगठा ठेवला आणि उरलेली ओळ लेकीला वाचून दाखवली.

घर रिकामे करायचे होते, तेव्हा आईला सांगणे टळणार नव्हते. पट्टी निघाली होती, पण डोळा अजून कच्चा होता. धाकू दारात उभा राहिला. आत जाण्याचे त्याला धैर्य झाले नाही. ताईने आईचे दोन्ही हात हातात घेतले.

“आई, ते आता यायचे नाहीत. कामावर होते. कामावर असतानाच गेले.”

आई रडली. थांबवता येण्यासारखे ते रडणे नव्हते, आणि थांबवायला कुणी पुढेही झाले नाही. पुढे डॉक्टरांनी डोळा तपासला आणि आता जेवढे दिसते तेवढेच दिसेल असे सांगितले. तिला खिडकी कुठे आहे ते कळे, खिडकीत कोण आहे ते कळत नसे.

घर सोडण्याच्या सकाळी धाकू कपाटाची किल्ली परत करायला केंद्रावर गेला. मुकादमाच्या टेबलापाशी कुणी नव्हते. हजेरीपट उघडा होता. त्यावर धाकूच्या जागी नव्याने आलेल्या ऑपरेटरची सही होती. पण पंपाशी दुसराच माणूस होता, गाळणीवरचा एक तात्पुरता कामगार. धाकू त्याला चेहऱ्याने ओळखत होता.

“खाडा पडला का?” धाकूने विचारले.

“कालपासून.” तो ओशाळून हसला. “नव्या ऑपरेटरच्या घरी पाहुणे आहेत. म्हटलं, बसून तरी काय करायचं?”

धाकूने त्याच्याकडे पाहिले. माणूस तरुण नव्हता. दाजींच्याच वयाचा असावा. धाकूने किल्ली टेबलावर न ठेवता त्याच्या हातात दिली.

“या कपाटात मुखवटा आहे. माझ्या नावावर होता, आता कुणाच्याच नाही. कपाट उघडं ठेवत जा. आणि हे बघ,” तो त्याला भिंतीपाशी घेऊन गेला, “हा भोंग्याचा खटका. वास आला की ओढायचा. हजेरीवर अस नाहीतर नस. कोण काय विचारेल याचा विचार करायचा नाही. ओढायचा आणि पळायचं, वाऱ्याच्या उलट दिशेला. कळलं?”

“कळलं,” तो माणूस म्हणाला. “तुमच्या दाजींचं माहीत आहे मला. मी ओढीन.”

“नक्की?”

“म्हटलं ना, ओढीन.”

बाहेर जीपचा आवाज आला. फाटक करकरले. धाकूने मान वळवून रस्त्याकडे पाहिले, आणि पुन्हा वळला तेव्हा त्याच्या शेजारी कुणी नव्हते. मागचे दार उघडे होते. किल्ली पंपाच्या चौथऱ्यावर ठेवलेली होती, आणि बाहेर, जिथली पाने अजून पांढुरकी होती तिथे, तो माणूस खाली मान घालून झाडांना पाणी घालत होता.